मच्छ्यातला घुमट

समुद्र इथून शंभरेक किलोमीटर, मधे घाट.
मच्छ्याच्या आमच्या शेडमध्ये त्याची खूण एकच:
कोपऱ्यातलं मिठाच्या पाण्याचं पिंप.
त्यात रबराचे तुकडे दोरीला बांधून
दोन वर्षं भिजत सोडलेत मी.
दर सोमवारी काढते, पुसते, तोलते.
कुठल्या तुकड्यानं किती पाणी प्यायलं, ते वहीत.

जहाजाच्या नाकाखाली, पाण्याच्या आत,
जिथून जहाज ऐकतं
तिथं हा बसायचा.
पोलादी तारांचे थर, थरांमधे रबर,
घडण ट्रकच्या टायरची, अंग हत्तीचं,
पोटात दाबानं भरलेलं पाणी.
लाटेनं चेपू नये. वेगात थरथरू नये.
आणि आवाजाला मात्र
वाटेत काही होतं, हे कळूच नये.

पाचवीत सहल विजापूरला गेलेली.
गोलघुमटात मी स्वतःलाच हाक मारली, हेमांगी,
आणि बडिगेर सर बोटं मोडत मोजत राहिले.
सातवी हेमांगी माझ्या आवाजातली नव्हती.
रात्री बसमध्ये मी कुणाशी बोलले नाही.

हा घुमट त्याच्या उलटा.
एकदा जरी हाक परत आली
तरी नापास.

तारा जवळ घेतल्या की आवाज अडतो,
लांब घेतल्या की भिंत दबते.
दोन आकड्यांच्या मधल्या त्या फटीत
माझे तीन पावसाळे गेले,
एक ठरलेलं लग्नही,
पण ते असो.

थर लावते मल्लव्वा हंचिनमनी.
तिला माझं मराठी कळतं, मला तिचं कन्नड,
कामाच्या भरात कोण कुठल्या भाषेत गेलं
ते चहाच्या सुट्टीपर्यंत लक्षात येत नाही.
रोलर फिरवताना ती श्वास धरून ठेवते.
तिला वाटतं, सुटला तर आत राहील.

पहिला घुमट भट्टीतून निघाला तेव्हा
फकीराप्पानं खिशातलं रुपयाचं नाणं काढलं.
टक्. टक्. टक्. टक्.
डाव्या गालावर, वीतभर खाली:
टप्.
‘इल्लि नोड्री.’
मशीननं दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं, आलेख काढून.

कापला.
सातव्या आणि आठव्या थरामधे
अंगठ्याएवढी जागा.
केस नाही, धूळ नाही, धागा नाही.
आत काही नव्हतं.
तेवढीच चूक होती.

(पोलाद आवाजाला कसंबसं पुढं जाऊ देतं.
हवा नाही देत.
हे मी पुस्तकात वाचलेलं,
हात लावला तो त्या दिवशी.)

अण्णा बत्तीस वर्षं उद्यमबागेत,
फाउंड्रीत, ग्राइंडरपुढं.
आता त्यांना कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही.
जेवताना मी कॅलेंडरच्या मागे लिहिलं: थरात हवा राहिली.
त्यांनी चष्मा लावून वाचलं,
भाकरी मोडत म्हणाले,
‘कास्टिंगातबी असंच. पोकळ जागा लपत न्हाई.
काय करूलालीस मग?’
मी लिहिलं: परत.

परत म्हणजे अकरा महिने.
मल्लव्वाच्या हातातला रोलर बदलला, उष्णता बदलली,
साहेबांचा माझ्याशी बोलायचा सूर बदलला.

खंडेनवमीला घरच्यांना शेडमध्ये येऊ देतात.
यंत्रांना झेंडू, तराजूला कुंकू,
फकीराप्पानं आपल्या नाण्यालाही लावलं.
अण्णा दुसऱ्या घुमटापाशी गेले.
एका हाताचा तळवा त्यावर ठेवला
आणि दुसऱ्या हाताच्या गाठीनं ठोकत
या टोकाकडून त्या टोकाला गेले, सावकाश.
अर्धा तास. पेढे वाटून संपले.
मग धोतराला हात पुसत म्हणाले,
‘गप हाय.’

मंगळवारी रात्री ट्रेलर निघाला, कारवारकडे.
ताडपत्रीखाली काय आहे, सांगायची मनाई.
नाक्यावर पोलिसानं विचारलं,
ड्रायव्हर म्हणाला, ‘रब्बर री.’
पुढच्या चहावाल्यालाही तेच, मराठीतून.

ते जहाज मी पाहिलेलं नाही.
पाहिलं असतं तरी घुमट दिसला नसता,
तो पाण्याखाली.

सोमवारी पिंपाचं झाकण काढलं.
चौदा नंबरचा तुकडा
तीन मिलिग्रॅमनं जड.
लिहून घेतलं.